भर जुलैतलं जॅकेट

"पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन ये," समुपदेशक नेवेंकानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "बाळ त्याचंही गेलंय."

दुन्याला हसूच आलं होतं. वेल्कोचं तर उत्तम चाललं होतं. पोटातच गेलेल्या मुलीला मातीत ठेवून आला आणि त्याच आठवड्यात कामावर हजर. येता-जाता गळका नळ दुरुस्त केला, आईनं कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सारम्याचं पातेलं पुसून खाल्लं. दर रविवारी गळ घेऊन मोरावा नदीवर जायचा. मासा मात्र एकही घरी आला नाही. "तो मजेत आहे हो," दुन्या म्हणाली. "दगडाला कसलं समुपदेशन करणार तुम्ही?"

बाकी चाचाक गावात दिलाशाला काही तोटा नव्हता. शेजारणी आल्या, कॉफी प्याल्या, तरुण आहेस, होईल दुसरं, म्हणाल्या आणि कप उपडे घालून, गाळात भविष्य वाचून ते दुसरं बघूनही गेल्या. सासूबाई राडोय्कांनी तर निदानच केलं: झुळूक. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की सर्बियात काय वाटेल ते होतं. मान धरते, दाढ ठणकते, मूल जातं. डॉक्टरांना कारण सापडलं नव्हतं, पण ते बिचारे शिकलेले.

मुलीचं नावसुद्धा वेल्कोच्या तोंडून कधी आलं नाही. दुन्या रडायला लागली की तो उठून अंगणात जाई आणि गाडीचं बॉनेट उघडे. त्या खटाऱ्याइतकी देखभाल राष्ट्राध्यक्षांच्या गाडीचीही होत नसेल.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा दुन्यानं नेवेंकाला सांगून टाकलं, हे सुखरूप पार पडलं की मी बाळाला घेऊन आईकडे जाणार. कायमची. दगडाशी संसार करून झाला. नेवेंकानं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, त्याला कुणी विचारलंय का, कसा आहेस म्हणून? दुन्यानं हवापाण्याचा विषय काढला.

आणि आता बाळ घरी आलं होतं. मुलगी, धडधाकट, जन्मतःच रागावलेली. सासूबाई इस्पितळातली बॅग उघडायला लागल्या, तर दुन्यानं ती काढून घेतली. राहू द्या तशीच भरलेली, म्हणाली.

अंगणात निखाऱ्यावर डुक्कर फिरत होतं आणि वेल्कोचे मित्र राकियाचे पेले रिकामे करत होते. रीत अशी की मूल झालं की मित्रांनी बापाच्या अंगातला शर्ट टराटरा फाडायचा. जेवढ्या चिंध्या, तेवढं बाळाचं नशीब थोर. दुन्या बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. जुलैचं ऊन आणि सासूबाईंनी दोघींना लोकरी शालीत गुंडाळलेलं.

तिच्याहून वाईट अवस्था फक्त वेल्कोची होती. तो जॅकेट घालून आला होता, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. कपाळावरून घामाच्या धारा. सासूबाई तेवढ्या खूश होत्या, झुळूक कळणारं घरात कुणीतरी निघालं म्हणून. दुन्या मनात म्हणाली, बघा, लेकीसाठी एक शर्ट फाटेल तर जीव जातोय ह्याचा. निघायचं ठरवलं ते बरंच केलं.

"काढ रे जॅकेट, चिक्कू लेकाचा," मित्रांतला एक म्हणाला. "दुसरी पण मुलगीच, म्हणून काय सूट मागतोस?"

'दुसरी' म्हटल्यावर दोघा-तिघांनी आपापल्या पेल्यात डोकं घातलं. वेल्को आज नको, उद्या फाडा, असं काहीसं पुटपुटला. त्याच्या लग्नातला साक्षीदार, जिवाभावाचा झार्को, एरवी असल्या फाडाफाडीत सगळ्यांच्या पुढे. आज तो टेबलाशी पाव कुस्करत बसला होता. बाकीच्यांनी वेल्कोचे हात धरले आणि एकानं चेन खाली ओढली.

आत पांढरा शर्ट होता. पहिल्या बाळंतपणाला इस्पितळात जाण्यापूर्वी दुन्यानंच कळा सोसत इस्त्री करून ठेवलेला, फाडायलाच. त्यानंतर तो तिला दिसला नव्हता आणि शोधायचं सुचलंही नव्हतं. खांद्यापासून खालपर्यंत तो फाटलेला होता आणि लहान मुलानं घालावेत तशा वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेला होता. टाके गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याचे. रविवारी नदीवर मासे का लागत नव्हते, ते दुन्याला आत्ता कळलं.

"मी फाडला होता," झार्को मान खाली घालून म्हणाला. "इस्पितळाचा फोन वाजला आणि मी ह्याचा शर्ट ओढलाच. ह्यानं अजून कानालाही लावला नव्हता. फोन आला म्हणजे बातमी चांगलीच, असं धरून चाललो मी."

मित्रांचे हात आपोआप सुटले. वेल्कोनं शर्टाची कड मुठीत घट्ट धरली आणि दुन्याच्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं.

"हा नको," तो म्हणाला. "हा हिच्या ताईचा आहे."

सासूबाई पदर लावल्यासारखा रुमाल डोळ्यांना लावून घरात गेल्या. झुळूक लागली असावी.

दुन्या उठली, बाळ वेल्कोच्या हातात दिलं आणि आत गेली. बॅग उघडून तिनं पलंगावर उपडी केली. मग कपाटातला त्याचा निळा शर्ट काढून बाहेर आणला आणि मित्रांच्या अंगावर टाकला. हा घालेल तो, मग फाडा, म्हणाली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळ्यांनी बायकोची विचारपूस केलेली, आणि हा आपला पातेलं पुसून खातोय, गाडी पुसतोय. आज त्याच्याकडे जरा जाऊन या. मजेत आहे म्हणाला, तरी लगेच उठू नका. आणि भर उन्हात गळ्यापर्यंत चेन ओढून बसलेला दिसला, तर कृपा करून झुळुकीवर विश्वास ठेवू नका.