दिलेलं गाव

किन्हवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी सगळं एकाच चुलीवर शिजतं: दामदुप्पट योजना, बंद पडलेली एसटी, कुणाची हरवलेली म्हैस. त्यात एका अनोळखी नंबरावरून कोडं आलं. ‘दिलं तर खातं, मागितलं तर देत नाय. काय ते?’

‘तुमची दामदुप्पट!’ मुकेशनं ठोकून दिलं.

‘चूक.’

आपल्याकडे कोडं हरलं की समोरच्याला एक गाव द्यावं लागतं. तोंडानंच द्यायचं, त्यात कुणाचं काय जातंय? मुकेशनं लिहिलं, ‘हरलो बाबा. घे, पळसपाडा दिला.’

‘भावजी, माझ्या लेकीचं सासरच सापडलं का तुमाला?’ प्रमिलानं हसत लिहिलं आणि ती स्टँडवर निघाली. पहिल्या बाळंतपणाला पिंकी आज माहेरी यायची होती.

एसटी आली. पिंकी उतरली नाही.

‘पळसपाड्याला कुणी चढलं नाय का हो?’

कंडक्टर रोजचाच. त्यानं तिकिटाचं मशीन चाळून पाहिलं. ‘मावशी, असा थांबा या रस्त्याला कधी नव्हताच.’

प्रमिलानं फोन लावला. पिंकीनं लगेच उचलला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

‘आई गो, मी कधीची रस्त्यावर उभी हाय. गाडी समोरून गेली, हात केला, कुणी बघितलं पण नाय.’ मागे खूप माणसं एकदम बोलत होती. ‘आख्खा पाडा रस्त्यावर आलाय, आई. सगळे एकच विचारतात, आमाला दिलं कुणी?’