उतरत्या काचेची गाडी

दरवर्षी गुणाजी घरचा गणपती डोक्यावरून आणायचे. यंदा त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मुलगा निकेत त्यांना आपल्या नव्या लाल गाडीत बसवून, मूर्ती रंगवतात त्या गणपतीच्या शाळेत गेला. गाडी वाऱ्यासारखी पळणारी, पण मागची सीट दुमडूनही मुकुट त्या उतरत्या काचेखाली मावेना. मूर्ती आडवी ठेवायला गुणाजी तयार होईनात. शेवटी तेच पुढे बसले आणि पाटासकट मूर्ती मांडीवर घेतली.

निकेतने पहिला गिअर सोडला नाही. दर खड्ड्याआधी तो थांबला. रिक्षा पुढे गेल्या, मग एक सायकलवालाही गेला. घाम डोळ्यांत उतरला तरी त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

"बाबा, सोंडेक खंय लागला नाय मा?"

"तू फुडे बघ."

गाडी एकदाची घरापुढच्या खळ्यात, अंगणात उभी राहिली. मूर्तीला साधा ओरखडाही नव्हता. निकेतने श्वास सोडला.

गुणाजी मात्र लगेच उतरले नाहीत.

"तुझ्या गाडयेत बसलंय काय सगळी वाट मी ह्येचाच नाव घेतंय," ते मांडीवरच्या मूर्तीकडे बघत म्हणाले. "आज तो सोताच येऊन बसलो, तेवा खंय तू हळू चलवलंस."