खंडेनवमीचा दोरा

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधली सगळी मशिनं सुरू झाली, कल्याणीचं ड्रिल तेवढं हटून बसलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मनगटावर दोरा आहे. काढल्याशिवाय फिरणार नाही.’

“अरे, पूजेचा आहे तो! आईनं बांधलाय,” कल्याणी वैतागली. “आप्पा, याला सांगा हो काहीतरी.”

आप्पा येऊन पडद्यासमोर उभे राहिले. खाली बारीक अक्षरांत होतं: ‘सगळ्या ड्रिलना हे ज्या अपघातानं शिकवलं, तो अपघात: अंबादास लोहार, उद्यमनगर. उजव्या हाताची दोन बोटं.’

कल्याणीनं वडिलांच्या उजव्या हाताच्या तुटक्या बोटांकडे पाहिलं. “तुम्ही तर म्हणायचात, मशीनच खराब होतं.”

“दोराच गुंडाळला गेला होता,” आप्पा हळूच म्हणाले. “तुझ्या आईनं बांधलेला. तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?”

कल्याणीनं कात्री घेतली, दोरा कापला आणि देव्हाऱ्यात ठेवला. ड्रिल निमूट फिरू लागलं.

आप्पांनी पडद्याला विचारलं, “या कारणासाठी तुम्ही सगळ्या ड्रिलनी आजवर किती जणांना अडवलंत रे?”

‘एक लाख बारा हजार.’

आप्पांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

“एवढ्यांचे हात वाचले? मग आज तुझ्या आईला सांगतो,” ते म्हणाले.