धुरातले पंख

नेओमीनं पातेल्याचं झाकण काढलं आणि भीमाबाईंनी पदर नाकाला लावला.

संघर्षनं ते पाहिलं. आईला नागपूरहून बर्मिंगहॅमला येऊन चार दिवस झाले होते. तीन दिवस रांधलं आईनंच. आज रविवार, आज सुनेच्या हातचं, असं नेओमीनंच ठरवलं होतं. तिच्या आजीचं, अमेरिकेतल्या जॉर्जियाकडचं कालवण: चवळी, कांदा, हिरवा पाला आणि धुरी दिलेले टर्की पक्ष्याचे पंख. सकाळपासून मंद आचेवर रटरटत होतं.

"आई, स्मेल स्ट्राँग आहे ना? मी पिझ्झा मागवतो. ट्वेंटी मिनिट्स."

"मी काई बोलली का तुले?"

"बोलली नाहीस, पण..."

नेओमीला मराठी दहा-बारा शब्दांपुरतं येत होतं. पण पिझ्झा कळला. पदरही कळला. तिनं गॅस बंद केला आणि सिंकच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली.

"मी म्हटलं होतं," संघर्ष तिला इंग्रजीत म्हणाला, "ब्रेस्ट पीस आण. पहिल्यांदा वाढतेयस आईला, आणि हे?"

"ब्रेस्टचं हे होत नाही," ती न वळता म्हणाली.

भीमाबाई पातेल्यापाशी आल्या. वाफेत वाकून पाहिलं. मग पदर सोडला, नेओमीच्या खांद्याला हात लावला आणि आपलं कोपर दोनदा वरखाली हलवलं. हे?

नेओमीनं कोपर हलवलं. हे.

"आई, साधं चिकनच समज तू."

"तू गप. आम्ही बोलून राह्यलो." भीमाबाईंनी पातेल्याकडे बोट केलं. "तिले इचार, पंखच काहून?"

नेओमीनं सांगितलं. तिच्या आजीची आजी दुसऱ्याच्या कापसात गुलाम म्हणून राबायची. छाती आणि तंगड्या मालकाच्या टेबलावर. पंख, पाठ, पंजे राबणाऱ्यांच्या पदरात टाकलेले. आजी म्हणायची, टाकलेल्याचं असं रांधायचं, की वासानं मालक मागच्या दारी यावा.

संघर्षनं मराठीत सांगताना 'उरलेले' म्हटलं.

"उरलेले का टाकलेले? नीट सांग."

"टाकलेले."

भीमाबाई स्टुलावर बसल्या.

"आमच्या घरी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोरी होती," त्या म्हणाल्या. "गावात ढोर मेलं का मास आमच्या वाट्याले. माय त्याच्या पट्ट्या कापे, दोरीवर वाळत घाले. चान्या म्हणत. खालून चुलीचा धूर. हाच वास, बाप्पा. हाच."

संघर्षनं हे कधी ऐकलं नव्हतं. अडतीस वर्षांत एकदाही नाही.

"मी सात वर्षांची. माय दीक्षा घेऊन आली. पांढरं लुगडं. पाणी नाई पेली, बसली नाई, पयले दोरी तोडली. मंग जात्यावर म्हने..." आणि त्यांनी मान हलवत, गाणं नव्हे नि बोलणंही नव्हे अशा आवाजात म्हटलं,

"धूर बसला भिंतीला, दोरी तोडिते मी बाई,
तिथं टांगीन पाटी, लेक शाळेमंदी जाई."

"मग नकोच खाऊस ना तू," संघर्ष हळूच म्हणाला. "मी समजावतो तिला."

"समजावू नको. सांग. सबन सांग."

त्यानं सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. आधी आईकडे पाहत होता, मग फरशीकडे. नेओमी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं दोन्ही हातांनी पातेलं उचललं.

"टाकते मी हे," ती म्हणाली. "त्यांच्या आईनं जे तोडलं ते मी त्यांच्या ताटात नाही वाढणार."

भीमाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तिले इचार, हे कोनं देल्लं?"

"कोणी दिलं म्हणजे? विकत आणलं. पार हँड्सवर्थच्या बाजारात जाऊन."

"उरलं म्हून नाई देल्लं?"

"अगं, क्यूमध्ये उभी होती! वर निवडत बसली. हा नको, तो द्या, त्याच्या मागचा दाखवा. शेवटी दुकानदार म्हणाला, बाई, टर्की घेताय का नवरा पाहताय?"

भीमाबाईंनी लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नवरा पायतानी इतकी नसंन थांबली."

हे काही संघर्षनं इंग्रजीत सांगितलं नाही. पण नेओमीनं त्याचं तोंड पाहिलं आणि तिला हसू आलं. पातेलं पुन्हा शेगडीवर टेकलं.

"वाढ," भीमाबाई म्हणाल्या. "चवळी मंग. पयले पंख."

पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी टेबल होतं. भीमाबाईंनी चमचा बाजूला सारला. पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. नेओमी हातातला डाव तसाच धरून उभी होती. डोळे उघडायला भीमाबाईंनी फार वेळ लावला. मग पंख दोन्ही हातांत धरून जोडावर मोडला, आणि पार चोखून स्वच्छ केला.

संघर्ष हाड उचलायला किचन रोल घेऊन पुढे झाला.

"राहू दे."

"टेबलावर..."

"आम्ही हाडं परसात पुरत होतो. पहाटी, कोनी उठाच्या आत." त्यांनी ते लांब पांढरं हाड ताटाच्या कडेला उजेडात ठेवलं. "राहू दे तिथंच."

बाहेर समोरच्या घरातली गोरी बाई कुत्रा घेऊन चालली होती. खिडकीतून तिनं आत पाहिलं आणि हात हलवला.

भीमाबाईंनी मनगटापर्यंत रश्शानं माखलेला हात तसाच वर केला.