वैरी शब्दाचा अर्थ

विद्यापीठाच्या कबड्डीचे गट यंत्र पाडू लागलं, तेव्हापासून नदीअलीकडचं उंबरठाण कॉलेज पलीकडच्या कासारओहोळशी खेळलंच नव्हतं. सहा वर्षं झाली. यंदा निवृत्त होणाऱ्या उंबरठाणच्या प्रशिक्षक सुलभाबाईंना जाण्याआधी तो एक सामना हवा होता. त्यांनी यंत्रालाच विचारलं, "का रे बाबा, एवढी ताटातूट?"

"तुमच्या मुली त्यांना वैरी म्हणतात. मारामारी नको, म्हणून लांब ठेवलं. बाद फेरीतसुद्धा."

बाई हसल्या. "अरे, एका नदीचं पाणी प्यालेल्या पोरी त्या. शेवटच्या सामन्यात आमच्या रेश्माचा गुडघा निखळला, तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत आणलं ते त्यांच्याच कर्णधारानं. ज्याच्यावाचून जिंकण्याला चव नाही, तो वैरी."

"हा अर्थ माझ्याकडे नव्हता," यंत्र म्हणालं. "आभारी आहे."

नवे गट लागले. पहिलाच सामना कासारओहोळशी होता. संध्याकाळी तिकडच्या प्रशिक्षक मंदाकिनीचा फोन आला.

"सुलभे, सहा वर्षं लपून बसली होतीस का गं? ये आता, धूळ चारते."

बाईंनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. इतकं गोड त्यांच्याशी निरोपसमारंभातही कुणी बोलणार नव्हतं.