काशीरामची बोटं

धनेशशेठच्या हळदीच्या ऑर्केस्ट्रात काशीराम वीस वर्षं बेस गिटार वाजवत होता. त्याचा तो छातीत घुमणारा आवाज पार आपटा गावापर्यंत ओळखीचा. पण शेठ चारचौघांत म्हणायचा, "आवाज माझ्या गिटारचा हाय, काशीराम नुसता हात लावतो." यंदा त्याने काशीरामच्या जागी आपल्या भाच्याला उभं करायचं ठरवलं आणि गिटार परत मागितली. काशीरामने ती खुंटीवरून काढली. त्याच्या बायकोने, भामाने, गिटार पुसून चकचकीत केली आणि स्वतः नेऊन दिली.

खांदा कॉलनीतल्या पहिल्याच हळदीत गिटार पत्र्यासारखी वाजली. नाचणारे थांबून काशीरामला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी शेठ गिटार घेऊन दारात. "चुकलो रे. आवाज तुझ्या बोटांत होता."

काशीरामचे डोळे भरले. भामाचे नाय.

"हेच परवाच्या हळदीत माईकवर बोला शेठ, मग येतील हे. आणि गिटार ठेवून जा, पुसून ठेवते."



काशीराम दाढी करायला गेल्यावर तिने मागच्या वेळी पुसताना चढवलेल्या, दुकानातून आणलेल्या नव्या तारा उतरवल्या, आणि नवऱ्याने आळसापायी वीस वर्षं न बदललेल्या, त्या घुमणाऱ्या आवाजाच्या जुन्या चार तारा पिठाच्या डब्यातून काढून पुन्हा चढवल्या.