पडद्यातून आलेली जाई

जाईने तलवार कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवली आणि ती ओट्यावर चढून बसली. कॉम्प्युटरच्या पडद्यातून बाहेर येऊन तिला जेमतेम एक दुपार झाली होती, पण स्वयंपाकघरात ती अशी वावरत होती की जणू इथले डबे तिनेच लावले असावेत. ओजसला याचं नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

कॉलेजच्या वयाचा ओजस चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये आईबरोबर राहायचा. बाबा कायम दौऱ्यावर. कधी परतणार हे विचारायचं दर वेळी राहूनच जायचं. मित्र नव्हते. बदलीच्या नोकरीत असंच असतं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. संध्याकाळी सायकल काढून शेजारच्या पंचकुला गावाच्या दिशेने निघायचा, पण शेवटच्या चौकात पोचला की त्याला हटकून कंटाळा यायचा आणि तो मागे फिरायचा.

उरला कॉम्प्युटरवरचा गेम. त्यातली तलवारवाली मुलगी आज काचेतून पाय टाकून चक्क खोलीत उतरली, तेव्हा तो घाबरला नाही. कुणीतरी यावं म्हणून तो कधीचा झुरत होता. कुठून यावं याची अट त्याने घातलीच नव्हती.

आई, म्हणजे रत्नप्रभाबाई, पैठणी नेसून पोळ्या लाटत होत्या. स्वयंपाकाला पैठणी नेसणारी बाई उभ्या चंदीगडात दुसरी नसेल. बोलायच्या मात्र मोजकंच, आणि तेही बहुतेक वेळा तेच ते.

"हात धुतलेस का?" त्यांनी विचारलं.

"हो गं आई, धुतले. साबण लावून धुतले."

जाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "फिर से बोल ना."

ओजसने पुन्हा सांगितलं. आपला आवाज हिला आवडतो की काय, या शंकेने त्याचे कान तापले. आणखी एकदा सांगायचीही त्याची तयारी होती.

ताटात पुरणपोळी आली. कालही तीच होती, परवाही तीच. आमच्या आईला दुसरं काही सुचतच नाही, अशी त्याने थट्टा केली, तर जाई उगाचच ओशाळली. मराठी घरांत रोज नाही का बनत, असं तिने हिंदीत विचारलं. दुसरं मराठी घर ओजसने तरी कुठे पाहिलं होतं?

"गरम आहे तोवर खाऊन घे," आई जाईला म्हणाल्या.

"हां, खा रही हूँ."

मराठी तिला सगळं कळत होतं, उत्तर मात्र हिंदीत. गेमवाल्यांनी तुला अर्धीच मराठी शिकवलेली दिसते, असं ओजसने चिडवून पाहिलं. जाई हसली नाही. आईवरची नजर न हलवता तिने पोळी अगदी सावकाश खाल्ली.

हात धुताना तिने सांगून टाकलं. अंधार पडायच्या आत तिला परत जायचं होतं, सुखना तलावाकाठच्या दारातून. आणि पुन्हा येणं जमणार नव्हतं. तिच्या घरी बांधाबांध झाली होती. आजवरचे रिकामे दिवस ओजसने मुकाट ढकलले होते, पण आता ते पुन्हा ढकलणं आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. ही गेली तर आपणही हिच्यामागून जायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. आईला मागाहून नेता येईल.

"अंधार पडायच्या आत ये," आई दारातून म्हणाल्या.

"येतो गं, लवकर येतो."

जाईने आईंचा पदर क्षणभर मुठीत धरला. आई नुसत्या हसत उभ्या होत्या.

तलावाच्या वाटेवर, कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या सरकारी इमारतींपुढच्या मोकळ्या फरसबंदीवर गेममधल्या शिपायांनी त्यांना गाठलं. फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांनी घडलेले ते शिपाई जाईच्या मागोमाग बाहेर पडले असणार. तिने तलवार फिरवली तसे दोघेतिघे किणकिणत कोसळले. एकाने तिच्यावर भाला उगारला, आणि ओजस मागचापुढचा विचार न करता मध्ये पडला. भाला त्याच्या खांद्यात गेला. रक्त आलं नाही, दुखलंही नाही. जिवावर उदार झालं की दुखत नसावं, असं त्याला वाटलं आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

तलावाच्या पायऱ्यांपाशी पाण्यावर उजेडाचं दार उभं होतं.

"बस, यहीं तक," जाई म्हणाली.

"नको जाऊस," ओजस म्हणाला. "तू गेलीस की मी एकटा काय करू? नाहीतर मला ने. मीही येतो तुझ्या गेममध्ये."

"तू नहीं आ सकता, यार."

ती आत शिरली. तो धावला. त्याचं कपाळ काचेवर आपटलं.

काचेपलीकडे एक खोली होती. खोक्यांना सुतळी बांधत बसलेला एक दमलेला माणूस बाप लेकीला बोलावतो तसं जाईला हाताने बोलावत होता. सगळं सामान बांधून झालं होतं. भिंतीवर फक्त एक फोटो राहिला होता, ओजसच्या आईचा, चंदनाचा हार घातलेला.

जाई काचेजवळ आली. पहिल्यांदाच ती मराठीत बोलली, अडखळत.

"आई विचारायची आणि मी हिंदीत बोलायची. तिला मराठीत उत्तर देणारं कोणीतरी पाहिजे होतं. म्हणून गेममध्ये तिच्यासोबत तुला बनवलं, ओजस."